रायपूरची रात्र आणि रेडिओवरची भुते

एके काळी रात्रीची जेवणे आटोपली की दिवे मालवून सारे घर रेडिओभोवती बसायचे आणि नभोनाट्यातल्या भुतांना घाबरायचे. छत्तीसगडच्या राजधानीत संध्याकाळी फेरफटका मारताना त्या रात्री आठवतात. भीतीची मजा केव्हा असते आणि ती जिवावर केव्हा उठते, हेही याच शहरात नीट समजते.

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया सोडून दरेकसाच्या जंगलात शिरते, तिथला बोगदा ओलांडते आणि खिडकीबाहेरचे जग बदलू लागते. डोंगरगडची टेकडी मागे पडते. मग राजनांदगाव, दुर्ग, भिलाई अशी एकामागून एक स्टेशने येतात. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आणि गावागणिक एक तरी तळे. नागपूरपासून सुमारे तीनशे किलोमीटर आले की रायपूर.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. दिवसा पाहिले तर हे शहर इतर कोणत्याही मोठ्या शहरासारखेच. लोखंडाचा आणि तांदळाचा व्यापार, उड्डाणपूल, गर्दी आणि धूळ. जुने रायपूर बघायचे असेल तर मात्र दिवेलागणीनंतर बाहेर पडावे. जयस्तंभ चौकातून निघावे. १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना इंग्रजांनी इथेच फाशी दिले. तिथून पायी पायी तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा आणि पुरानी बस्ती. पारा म्हणजे मोहल्ला. तात्यापारा हे नाव मराठी कानाला लगेच ओळखीचे वाटते, आणि ते काही उगीच नाही.

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत छत्तीसगडावर चालून आले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७८७ पर्यंत रतनपूरहून इथला कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, पण आलेली मराठी माणसे इथेच राहिली. नंतर कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आणखी आली. १९३५ मध्ये रायपूरचे महाराष्ट्र मंडळ सुरू झाले. या घरांतली मुले बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी बोलत आणि उंबऱ्याच्या आत मराठी. त्यांच्या रात्री मात्र तिन्ही भाषांच्या होत्या, आणि त्याला कारण होता रेडिओ.

कालीमातेच्या शेजारी आकाशवाणी

२ ऑक्टोबर १९६३ रोजी रायपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या चौकात ते उभे आहे, तिथेच कालीमातेचे देऊळ आहे. रिक्षावाल्याला नुसते 'आकाशवाणी काली मंदिर' म्हटले तरी पुरते. देवी आणि ध्वनिक्षेपण केंद्र यांची नावे अशी एका दमात घेतली जाणारी जागा दुसरीकडे सहसा सापडायची नाही.

या केंद्राने छत्तीसगढी बोलीला घराघरांत प्रतिष्ठा दिली. ग्रामीण श्रोत्यांसाठी बोलणारे 'बरसाती भैया', म्हणजे केसरीप्रसाद वाजपेयी, हे नाव या भागातल्या जुन्या श्रोत्यांपुढे काढा, चेहरे कसे खुलतात ते पाहा. निवेदक आणि रंगकर्मी मिर्झा मसूद यांचा आवाजही असाच घराघरांत पोहोचलेला. माणूस कधी पाहिलेला नसे, पण आवाज घरच्यासारखा ओळखीचा असे.

हा ओळखीचा आवाज रात्री वेगळ्याच रूपात यायचा. आकाशवाणीचा नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५६ मध्ये सुरू झाला होता. त्यापाठोपाठ ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली आणि तिच्यावरच्या 'हवामहल'मधल्या पंधरा मिनिटांच्या नाटिकांनी कित्येक पिढ्यांना बांधून ठेवले. हसवणाऱ्या नाटिका पुष्कळ असत. पण दुसऱ्या दिवशी शाळेत चर्चा व्हायची ती भुताच्या नाटकाची.

दिवे मालवा, सुई लावा

तो काळ ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. कौलारू घर. भिंतीतल्या फळीवर किंवा टेबलावर मर्फी, बुश नाहीतर फिलिप्सचा रेडिओ, त्यावर क्रोशाने विणलेला रुमाल. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल टांगलेली. व्हॉल्व्हचा रेडिओ बटण दाबताच बोलत नसे. आधी तो तापायचा, मग डबडीचा हिरवा डोळा हळूहळू मिटायचा आणि तेव्हा कुठे आवाज यायचा. पोस्टात जाऊन दरवर्षी परवान्याचे पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकात ती कटकट संपली.

सुई फिरवण्याचा मान घरातल्या वडीलधाऱ्यांचा. आजी माजघराच्या उंबऱ्याशी वाती वळत बसलेली. 'मला नाही बाई असलं काही ऐकायचं' असे म्हणत तीच सगळ्यांत कान देऊन ऐकायची. मुले एका पांघरुणात. आई आतून म्हणायची, 'अहो, आवाज जरा कमी करा, पोरं झोपेत दचकतील.' बाबा म्हणायचे, 'दचकू दे. उद्या हीच आधी येऊन बसतील.'

गोष्ट बहुतेक वेळा ओळखीचीच असायची. पावसाळी रात्र. आडरस्त्यावर मोटार बंद पडते. प्रवासी कंदिलाच्या उजेडाच्या रोखाने चालत एका डाकबंगल्यात येतो. म्हातारा चौकीदार दार उघडतो, खोली दाखवतो, चहा देतो. मध्यरात्री पैंजण वाजतात. सकाळी गावकरी भेटतात आणि सांगतात, 'साहेब, हा बंगला तर वीस वर्षांपासून बंद आहे. आणि चौकीदार? तो त्याच साली वारला!' शेवट सगळ्यांना ठाऊक असे. तरी चौकीदार 'या साहेब' म्हणाला की अंगावर काटा यायचाच.

या गोष्टींना रायपूरची रात्र साथ द्यायची. तेव्हा वीज कमी आणि झाडी जास्त होती. बूढा तालाबाकडून बेडकांचा आवाज यायचा. मध्येच धमतरीच्या छोट्या लाइनीची शिटी ऐकू यायची. १९०० साली सुरू झालेली ही चिमुकली गाडी शहराच्या पोटातून धावत असे. आता शहरातले तिचे रूळ निघाले आणि तिथून रुंद रस्ता जातो. नाटकातली शिटी कोणती आणि बाहेरची कोणती, हे क्षणभर कळेनासे होई.

नागपूर रात्रीच का लागायचे?

रायपूरच्या मराठी घरांना रात्रीची वाट बघायला आणखी एक कारण होते. १९४८ साली सुरू झालेले नागपूर केंद्र दिवसा नीट लागत नसे. अंधार पडला की मात्र खरखर करीत का होईना, मराठी शब्द यायचे.

त्यामागे चमत्कार नव्हता. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित कणांचे थर असतात. त्यांपैकी सर्वांत खालचा थर दिवसा उन्हामुळे तयार होतो आणि मध्यम लहरी शोषून घेतो. त्यामुळे दिवसा जमिनीलगत जितके अंतर कापता येईल तितकेच त्या कापतात. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो. मग लहरी आणखी वर जातात, तिथल्या थरांवरून परततात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. वरचे थर स्थिर नसल्याने आवाज चढतो, उतरतो, मध्येच बुडून पुन्हा वर येतो. मराठी नभोनाट्यातले भूत रायपुरात असे खोल विहिरीतून बोलल्यासारखे का वाटायचे, त्याचे हे साधे कारण. ते बिचारे नागपूरहून यायचे आणि वाटेत दमायचे!

रात्रीच्या या गुणाचाच उपयोग करून १९८८ च्या मे महिन्यात नागपूरहूनच आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ती देशभर ऐकू यायची. २०१९ च्या जानेवारीत ती बंद झाली. रात्रपाळीचे कामगार, ट्रकचालक आणि झोप न येणारे म्हातारे यांचा एक सोबती गेला.

करवंट्यांचे घोडे, पत्र्याचा पाऊस

आता जरा भुतांच्या कारखान्यात डोकावू. नभोनाट्यात नेपथ्य नसते, रंगभूषा नसते, दिवे नसतात. सगळे उभे करायचे ते आवाजातून. घोड्याच्या टापा हव्यात? नारळाच्या दोन करवंट्या फळीवर आपटा. ढगांचा गडगडाट? पातळ पत्रा दोन्ही हातांनी हलवा. आग लागली? सेलोफेनचा कागद माइकजवळ चुरगाळा. पाऊस हवा तर सुपात मोहरी घोळवा. भूत बोलायचे असेल तर रिकाम्या माठात तोंड घालून बोला. वाळक्या पानांवरची पावले हवीत, तर ध्वनिफितीच्या जुन्या गुंडाळ्या पसरून त्यांवर चाला. आणि करकरणारे दार? एक गंजलेली बिजागरी कुणीतरी जिवापाड सांभाळून ठेवलेली असते.

या सगळ्यांपेक्षा मोठे साधन म्हणजे शांतता. पावले येतात, दाराशी थांबतात, आणि मग तीन सेकंद काहीच नाही. त्या तीन सेकंदांत भूत तयार करायचे ते श्रोत्याने. म्हणून आजीचे भूत वेगळे आणि नातवाचे वेगळे. पडद्यावरचे भूत सगळ्यांना एकच दिसते आणि दुसऱ्यांदा पाहिले की हसू येते.

आवाजाची ताकद केवढी, याचे उदाहरण सगळे देतात ते अमेरिकेचे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी मंगळावरून झालेल्या स्वारीचे नाटक बातम्यांच्या थाटात सादर केले आणि काही श्रोत्यांना ते खरे वाटले. सारा देश रस्त्यावर धावला, असे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिले. पुढे अभ्यासकांनी दाखवले की ती घबराट वर्तमानपत्रांनीच पुष्कळ फुगवली होती. ही दुसरी गोष्ट अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे. भीतीपेक्षा भीतीची वार्ता वेगाने पसरते.

या मातीतली माणसे

आवाजाच्या या जगाशी रायपूरचे नाते जुने आहे. थोर नाटककार हबीब तन्वीर यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूरचा. शाळा इथली, महाविद्यालय नागपूरचे मॉरिस कॉलेज. १९४५ मध्ये मुंबईला गेले आणि आकाशवाणीत निर्माते झाले. पुढे छत्तीसगडचा रात्रभर रंगणारा 'नाचा' आणि त्यातले कलावंत त्यांनी जगाच्या रंगमंचावर नेले. १९७५ च्या त्यांच्या 'चरणदास चोर'चे मूळ राजस्थानी लोककथेत आहे, पण रंगरूप याच मातीचे. रेडिओ नव्हता तेव्हा गावोगावच्या रात्री नाचाच्याच असत. मशालीच्या उजेडात सारा गाव पहाटेपर्यंत एकत्र बसायचा.

मराठी माणसाने राजनांदगावला एकदा उतरावेच. रायपूरपासून सत्तर किलोमीटरवर, दिग्विजय महाविद्यालयाच्या आवारात, तळ्याकाठी गजानन माधव मुक्तिबोध राहात. घरी मराठी, लेखन हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी. गजाननराव पन्नाशीच्या दशकात आकाशवाणीच्या नागपूर केंद्रात होते. १९५८ मध्ये ते राजनांदगावला प्राध्यापक म्हणून आले आणि १९६४ मध्ये गेले. ओसाड बावडीत अडकलेल्या विद्वान ब्रह्मराक्षसाची त्यांची कविता हिंदीत अजरामर झाली. भूत हे विचार करायला लावणारेही असू शकते, हे त्यांनी दाखवले. आता तिथे त्यांचे स्मारक आहे. घरातला चक्राकार जिना बघताना अंधाराचा हा कवी कोणत्या अंधारात राहात होता, याची थोडी कल्पना येते.

आपल्या मराठी गूढकथेचे लाडके लेखक रत्नाकर मतकरी यांचीही सुरुवात रेडिओनेच झाली. १९५५ मध्ये, शाळा संपते त्या वयात, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली. नारायण धारप आणि मतकरी यांची पुस्तके वाचनालयातून आणून रात्री वाचणारी पिढी हीच, आणि रेडिओला कान लावून बसणारीही हीच.

दुसरी भीती

इथवर सगळे गोड वाटते. पण रायपूरला गेल्यावर तिथली दुसरी रात्रही समजून घ्यायला हवी.

छत्तीसगडच्या लोककथांत भुतांची कमी नाही. रक्सा आहे, बुटका मटिया आहे, परेतिन आहे. या कथा भयाच्याच असतात असेही नाही. बालोद जिल्ह्यात परेतिन दाईचे चक्क देऊळ आहे. त्या रस्त्याने जाणारे लोक गाडीत लाकूड असो, विटा असोत की भाजी, त्यातले थोडे तिथे ठेवून पुढे जातात. ज्या चेटकिणीला भ्यायचे, तिलाच आई म्हणून मोकळे झालेले हे लोक! आपल्या आषाढातली दिव्यांची अमावास्या, तीच तिकडच्या पंचांगाने श्रावणातली हरेली. त्या दिवशी नांगर, कुदळी, औतफाटा धुऊन पुजतात, मुले बांबूच्या गेंडीवर चढून नाचतात, दारांना कडुनिंबाच्या डहाळ्या लावतात. लोहार चौकटीला लोखंडी खिळा ठोकून जातो.

खिळा कशासाठी? तर त्या रात्री टोनही फिरते म्हणून. टोनही म्हणजे चेटकीण. इथे मात्र गोष्ट गोष्टीपुरती राहात नाही. मूल आजारी पडले, गाय आटली, पीक बुडाले की बोट कुणा एकीकडे वळते. ती बहुतेक वेळा विधवा असते, एकटी असते, नाहीतर तिच्या नावावर थोडी जमीन असते. तिला मारहाण होते, गावातून हाकलले जाते, प्रसंगी जीवही जातो. हा प्रकार थांबवण्यासाठी छत्तीसगडला २००५ मध्ये 'टोनही प्रताडना निवारण' कायदा करावा लागला. एखाद्या स्त्रीला टोनही ठरवणे हाच त्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत आणि छळासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे.

रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती गावोगाव सांगत आली आहे की कोणतीही स्त्री टोनही नसते. हरेलीच्या रात्री, लोक घराबाहेर पडायला घाबरतात त्याच वेळी, हे कार्यकर्ते मुद्दाम खेड्यांत फिरले आहेत. महाराष्ट्राला हे दूरचे वाटू नये. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ मध्ये, आणि त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाल्यानंतर.

मग रेडिओवरचे भूत आणि गावातली टोनही यांत फरक काय? अंधार तोच, कडुनिंबाची सळसळ तीच. फरक असा की नभोनाट्याला शेवट होता. शेवटी निवेदक लेखकाचे नाव सांगायचा, भूत झालेल्याचे नाव सांगायचा, दिग्दर्शकाचे सांगायचा. म्हणजे हे कुणीतरी बनवलेले आहे, हे अडाणी आजीलाही कळायचे. दिवा लागायचा, 'चला, झोपा आता' म्हणून पांघरूण सारखे केले जायचे. भीती सगळ्यांनी मिळून वाटून घेतलेली असे, म्हणून ती कुणा एकावर उलटत नसे. टोनहीच्या गोष्टीचा लेखक मात्र पुढे येत नाही आणि पात्रांची नावे कुणी सांगत नाही. तिथे माठ कुठला, करवंट्या कुणाच्या हातात, हे गावाला दिसतच नाही. म्हणून खेळ संपत नाही आणि एका बाईचे घर उठते.

घरी करून पाहा

आज हातातल्या फोनवर हव्या त्या भाषेतली भुताची गोष्ट ऐकता येते. कोलकात्यात २००९ पासून रेडिओवर सुरू झालेल्या 'संडे सस्पेन्स'ने तर बंगाली घरांना पुन्हा नभोनाट्याची गोडी लावली. पण आपण ती गोष्ट कानात बोंडे घालून एकेकटे ऐकतो. घाबरलेले मूल कुणाला बिलगणार?

म्हणून महिन्यातून एखाद्या रात्री घरातच नाटक करा. दूरदर्शन संच बंद, दिवे बंद. एखादी गूढकथा आईने वाचावी, आजोबांनी चौकीदार व्हावे. मुलांच्या हाती करवंट्या, पत्र्याचे झाकण, मोहरीचे सूप आणि माठ द्या. मनसोक्त घाबरा. मग दिवा लावा आणि कोणता आवाज कशाने काढला ते मुलांनाच सांगू द्या. ज्या मुलाने स्वतः भूत बनवले आहे, ते मोठेपणी कुणा बाईला चेटकीण म्हणणार नाही.

आणि जमल्यास रायपूरला एक फेरी करा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा छान असते. उन्हाळा मात्र कडक. नागपूरहून रेल्वेने पाच-सहा तास पुरतात. महंत घासीदास संग्रहालय पाहा. १८७५ मधले ते देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. बूढापाऱ्यात जा. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, कुटुंबाबरोबर इथे राहायला आला, तो बैलगाडीने, जंगल तुडवत. संध्याकाळी तळ्याकाठी बसा, गरम भजी खा. अंधार पडू लागला की आकाशवाणीच्या चौकात जा. देवळात आरती चालू असेल. शेजारच्या इमारतीकडे एकदा पाहा आणि मुलांना सांगा, 'आमच्या लहानपणीची भुतं यायची ना, ती असल्याच इमारतींतून. फार चांगली होती बिचारी. वेळेवर यायची आणि वेळेवर जायची.'